कप्प्याच्या धंद्यातला चौथा प्रतिस्पर्धी

कल्लेक्कुन्न,
१२ फेब्रुवारी

आदरणीय कुरियाच्चन अळियन यांस,

प्रभू येशूची स्तुती असो. तुमच्या मेहुण्याचा, म्हणजे अविराच्चनचा, साष्टांग नसला तरी वाकून नमस्कार. (साष्टांगाला आता कंबर तयार नाही.)

तुमचं पत्र आणि सोबतचा चौदा प्रश्नांचा तक्ता पोचला. तुमच्या गुडघ्याला उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत. माझा रक्तदाब डॉक्टर म्हणतात तेवढा आहे, माझी बायको कुट्टियम्मा म्हणते तेवढा नाही. माझी बहीण त्रेस्याम्मा (म्हणजे तुमची बायको, तेवीस वर्षं तुम्ही तिकडे सौदीत दम्मामला आहात म्हणून आठवण करून दिली, राग मानू नये) ठणठणीत आहे. तुमची लेक सेलिन शेतकीची पदवी घेऊन दोन वर्षं झाली तरी नोकरीचं नाव काढत नाही, दिवसभर आईच्या मागेपुढे असते. गेल्या वेळी तुम्ही माझ्यासाठी आणलेली तीन घड्यांची छत्री वाऱ्यात उलटी झाली. त्रेस्याम्मा ती दुरुस्त करून आणते म्हणून घेऊन गेली, ती अजून आलेली नाही. तिच्याआधीच्या चार छत्र्याही अशाच तिच्याकडे दुरुस्तीला आहेत. ईराट्टुपेट्ट्याच्या छत्रीवाल्याकडे फार काम असतं म्हणे.

आता मुद्द्यावर येतो. तुमच्या खोलीतले ते नाशिककडचे साळुंके एकादशीला उपास म्हणून ताटलीभर साबुदाण्याची खिचडी खातात आणि तो साबुदाणा आपल्या कप्प्याच्याच (इंग्रजीत टॅपिओका म्हणतात त्या) कंदापासून होतो, हे कळल्यापासून तुम्हांला झोप नाही, हे पत्राच्या अक्षरावरूनच दिसलं. (ताटलीभर खाऊनही उपास होतो, हे मी कुट्टियम्माला सांगितलं. येत्या पन्नास दिवसांच्या उपासाला आपणही हीच पद्धत धरावी असं तिचं मत पडलं. फादरना विचारायचं धाडस मी केलेलं नाही.) ज्या कप्प्याला तुम्ही जन्मभर गरिबाचं खाणं म्हणून नाक मुरडलंत, त्याचाच कारखाना काढायचा, त्यासाठी नोकरीचा राजीनामा द्यायचा, आजवरची सगळी पुंजी त्यात घालायची, घरामागचा तो मोठा कातळ सुरुंग लावून फोडायचा आणि त्या जागी विजेवर वाळवणारी शेड बांधायची, ही योजना मी दोनदा वाचली. खाणवाल्याला ईस्टरनंतरची तारीख दिली आहे तेही वाचलं. राजीनामा देण्याआधी पंधरा मैलांच्या परिसरातल्या प्रतिस्पर्ध्यांची पाहणी करून मी तक्ता भरून पाठवावा, आणि माझा हेतू कोणालाही, अगदी त्रेस्याम्मालासुद्धा, कळू देऊ नये, अशी तुमची आज्ञा. चौतीस वर्षं मी शाळेत निरीक्षण आणि परिसर अभ्यास शिकवला आहे. तुम्ही योग्य माणूस निवडलात, असं तेव्हा मलाही वाटलं.

पहिला नंबर तीक्कोयीच्या पैलीचा. हा वाटकप्पा विकतो. (साळुंक्यांना सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहितो: कप्पा सोलायचा, चकत्या करायच्या, मोठ्या हंड्यात अर्धवट उकडायचा आणि कातळावर उन्हात खडखडीत वाळवायचा; मग तो वर्षभर टिकतो.) मी गेलो त्या दिवशी नेमकी त्याच्याकडे वाट चालू होती, म्हणजे अख्खी आळी अंगणात सोलायला बसलेली. तुम्हांला पद्धत ठाऊकच आहे. वाट चालू असलेल्या अंगणात आलेला माणूस रिकाम्या हातानं उभा राहत नाही, मग तो बिशप का असेना. मी ‘सहज आलो’ म्हणेपर्यंत माझ्या हातात सुरी आणि पुढ्यात दोन टोपल्या कप्पा. सोलता सोलता मी तक्त्यातले प्रश्न एकेक करून पेरायला लागलो, आडून आडून, कोणाला संशय येणार नाही अशा बेतानं. घरात कर्ती माणसं किती? जागा स्वतःची की वाटणीतली? तब्येती कशा? तुमच्यामागे हे सगळं कोण बघणार?

“सार, माणसं काय विचारता! आम्ही चौघं भाऊ, चौघांचा शब्द एक,” पैली म्हणाला. “कातळ? चर्चच्या पटांगणाएवढा. अख्खा आपला.” मागे कोण बघणार या प्रश्नावर त्याची बायको हातातलं काम टाकून आत पळाली, आणि थोड्या वेळानं त्यांचा मुलगा सिबी गुळाची कॉफी घेऊन बाहेर आला. अंगावर इस्त्रीचा पांढरा शर्ट. कप्पा उकडायच्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला, आणि तरीही मला काही सुचलं नाही. शेवटचा प्रश्न होता ‘दुबळी बाजू’. तो मी ‘एखादी अडचण वगैरे?’ असा घातला. सोलणाऱ्या सुऱ्या थांबल्या. मग कोपऱ्यातून पैलीची म्हातारी आई म्हणाली, “थोरल्याला दमा होता. पण तो लग्नानंतर लागला. रक्तातला नाही.” मी तक्त्यात लिहिलं: कामगारांचं आरोग्य उत्तम.

दुसरा ओनच्चन. ईराट्टुपेट्ट्याच्या बसथांब्यामागे त्याची कप्प्याच्या तळलेल्या चिप्सची भट्टी आहे. त्यानंही माझं असं स्वागत केलं की मी ओशाळलो. खुर्ची पुसली, पंखा माझ्याकडे वळवला, नारळाच्या तेलाचा नवा डबा माझ्यासमोर फोडला (“सार, एकदा तळलेलं तेल आमच्याकडे दुसऱ्यांदा चुलीवर चढत नाही”, भिंतीवरच्या तेलकट काजळीचं मत मात्र वेगळं दिसलं). त्याच्या सांगण्यानुसार माल थेट कोचीला जातो आणि तिथून जहाजानं पुढे. धाकट्या भावासाठी वरचा मजला बांधायला काढलाय हेही सांगितलं. मी न विचारता म्हणाला, “आमच्या घरात दारूला कोणी शिवत नाही, सार. नाताळलासुद्धा नाही.” हा प्रश्न तक्त्यात नव्हता, पण उत्तर आयतं मिळालं म्हणून समासात टिपून घेतलं.

तिसरी एली चेडत्ती. कप्प्याच्या पिठाची गिरणी चालवते, वय सत्तर, हातात काठी, आवाज गिरणीच्या वर. इथे मी प्रश्न विचारायच्या आधी तिनंच सुरुवात केली. भाचीचं शिक्षण किती? मी म्हटलं, शेतकीची पदवी. उंची? मी म्हटलं, माझ्या खांद्याला लागते. स्वयंपाक येतो का? मी म्हटलं, आईच्या हाताखाली तयार झाली आहे. बाई चौकस दिसतात, एवढंच माझ्या मनात आलं. निघताना तिनं मला फाटकापर्यंत पोचवलं आणि म्हणाली, “आमचा टोमी वीस वर्षं या गिरणीच्या आवाजात झोपलाय. त्याला बायको कशी जड जाईल, सांगा!” हे वाक्य तक्त्यात कुठे बसवावं कळेना. शेवटी ‘यंत्रसामग्रीची देखभाल’ या रकान्यात घातलं.

अळिया, तक्त्यातल्या एकाच प्रश्नावर तिघांचं एकमत झालं. नववा प्रश्न: तुमचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी कोण? पैलीनं सुरी खाली ठेवली आणि मातीत थुंकला. ओनच्चननं पंखा बंद केला, आवाज उतरवून बोलता यावं म्हणून. एली चेडत्तीनं काठी आपटली. तिघंही म्हणाले, विमान छाप. गेली काही वर्षं दुकानादुकानात निळ्या विमानाचा शिक्का मारलेली वाटकप्प्याची पुडी येते. ती कोण करतं कोणाला ठाऊक नाही. सोसायटीच्या गाडीतून येते आणि दुपारपर्यंत संपते. “पाला गावचा कोणी मोठा माणूस असणार,” पैली म्हणाला. “परदेशी यंत्र असणार,” ओनच्चन म्हणाला. “सैतान असणार,” चेडत्ती म्हणाली. मीही एक पुडी विकत घेऊन पिशवीत टाकली आणि घरी येऊन तक्ता सुवाच्य अक्षरात उतरवायला बसलो. निष्कर्ष असा निघत होता की आपल्या भागात कप्प्याचा धंदा सोन्याची खाण आहे आणि प्रतिस्पर्धी एकजात बलाढ्य, निरोगी, निर्व्यसनी आहेत.

दुसऱ्या दिवशी बाजारात मासळीवाल्या हसननं कापता कापता विचारलं, “मग सार, भाचीचं कुठं जमतंय? तीक्कोयीला, भट्टीवर, की गिरणीत?” माझ्या हातून पिशवी पडली. अळिया, विचार करा. गावातला पांढऱ्या केसांचा मास्तर, घरी लग्नाची भाची, कपडे स्वच्छ, हातात वही, आणि येऊन विचारतो की माणसं किती, जमीन कोणाची, दमाबिमा आहे का, तुमच्यामागे कोण बघणार. तुमच्या कंपनीतल्या त्या इजिप्तच्या साहेबानं बाजारपेठेच्या पाहणीसाठी जे चौदा प्रश्न काढले, तेच आपल्याकडे तीनशे वर्षं सोयरीक बघताना विचारले जातात, त्याच क्रमानं! कुट्टियम्माला हे आठवडाभरापासून ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “तुम्हीच म्हणालात ना, गुप्त काम आहे, मध्ये बोलू नकोस.”

म्हणजे माझा तक्ता पुरता कामातून गेला. मुलीच्या मामाला कोणी खरी माहिती देतं का? मी चार ठिकाणी चौकशी केली. पैलीचा कातळ चर्चच्या पटांगणाएवढा आहे खरा, पण मधून खडूची रेघ आहे, निम्मा भावाचा, आणि एकाच शब्दाचे ते चौघे भाऊ एकमेकांशी तो शब्दही बोलत नाहीत. ओनच्चनचा माल कोचीला नाही, समोरच्या थांब्यावरून सुटणाऱ्या बसपर्यंतच जातो. चेडत्तीची गिरणी आठवड्यातून तीन दिवस बंद असते, टोमी शांत झोपतो. खरा एकच उरला, ज्याला मी प्रश्नच विचारले नव्हते. मी ती विमान छाप पुडी काढली आणि निदान मालाचा दर्जा तरी लिहावा म्हणून चकत्या टेबलावर मांडल्या.

प्रत्येक चकतीच्या बरोबर मधोमध एक बारीक भोक होतं.

आमच्या आईची एक खोड तुम्ही लग्नानंतर पाहिली असेल. कप्प्याच्या मधली शीर दातात अडकते म्हणून ती काढल्याशिवाय आई हंडा चुलीवर चढवू द्यायची नाही. साऱ्या पंचक्रोशीत हा उपद्व्याप दुसरं कोणी करत नसे. मी आणि त्रेस्याम्मा लहानपणी दिवसचे दिवस बसून एकेका चकतीतली शीर टोचून बाहेर ढकलायचो. कशानं ढकलायचो ठाऊक आहे? मोडक्या छत्रीच्या काडीनं. मी टेबलापाशीच त्रेस्याम्माकडे दुरुस्तीला गेलेल्या माझ्या पाच छत्र्या मनात मोजल्या.

तुमच्या घरी मी दर रविवारी चर्चनंतर जेवायला जातो. रविवारी तिथे काय असतं? स्वच्छ धुतलेला कातळ, सामसूम, आणि मागे पालथे घातलेले तीन मोठे हंडे (मला सांगितलं होतं, चर्चच्या जत्रेचे ठेवायला दिलेत). अंगणात उकडल्याचा वास असतो (गाईचं आंबोण, असं सांगितलं होतं, गाय विकून चार वर्षं झाली, हे मला ठाऊक होतं). निरीक्षण शिकवण्यात माझी चौतीस वर्षं गेली. या वेळी मी गुरुवारी गेलो. नदी ओलांडली तेव्हाच धूर दिसला. मागे अठरा बायका बसल्या होत्या, सोलणाऱ्या सोलत होत्या, कापणाऱ्या कापत होत्या आणि चौघींच्या हातात छत्रीच्या काड्या होत्या. कातळ या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढराशुभ्र. सेलिन शिडीवर उभी राहून हंडा ढवळायचं फावडं चालवत होती आणि अठरा जणींना हुकूम सोडत होती. नोकरीचं नाव का काढत नाही, ते तेव्हा कळलं. त्रेस्याम्मा मला बघून दचकलीसुद्धा नाही.

“आलास? बस. सुरी घे,” म्हणाली. “त्यांनी पाठवलं ना तुला?”

सोलता सोलता तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहितो, कारण पाहणी करणाऱ्यानं पदरचं घालू नये. हे सगळं नऊ वर्षं चालू आहे. तुमची रजा नेहमी जुलैत, पावसात. तेव्हा कातळावर शेवाळ असतं, म्हणून तुम्हांला दिसलं नाही. सुरू करायच्या आधी तिनं तुम्हांला पत्र लिहून विचारलं होतं, की थोडा वाटकप्पा करून विकू का. तुमचं एका ओळीचं उत्तर आलं: ‘घरात काही कमी पडतंय का?’ ते पत्र तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात आहे. मी पाहिलं. कागद घडीवर फाटलाय.

“त्याला उत्तर द्यायचं राहिलं रे,” ती म्हणाली. “म्हटलं आले की तोंडानं सांगीन. येतात तीस दिवसांसाठी. त्यात तुमचं घर, त्यांची माणसं, मयतं, बारशी. मी तोंड उघडेपर्यंत विमानाची वेळ होते. आता तू लिहितोच आहेस तर लिही. कमी पडत होतं. माणूस कमी पडत होतं. म्हणून अठरा जमवली.”

मी मान खाली घालून सोलत राहिलो. कांदा नव्हता, कप्पाच होता, तरी मला नीट दिसेना. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं, अळिया, आणि खरं सांगतो, तुमच्याबद्दलही वाटलं. तिकडच्या उन्हात तेवीस वर्षं गोदामाची राखण करून माणूस जे उभं करायला निघालाय, ते त्याच्या घरामागे उभंच आहे आणि त्याला कोणी सांगितलेलं नाही. पुडीवर विमान कशाला, म्हणून मी सेलिनला विचारलं. ती म्हणाली, “अप्पनना घेऊन जातं ना ते. म्हटलं, काहीतरी घरीही आणू दे.”

तेव्हा तुमच्या तक्त्याचा खरा निकाल असा. प्रतिस्पर्धी क्रमांक चार. मनुष्यबळ: अठरा, शिवाय सेलिन. जागा: तुमची. पुढे कोण बघणार: आत्ताच बघते आहे. दुबळ्या बाजू दोन. एक, अवेळी पाऊस आला तर एवढा कातळ झाकायला काही नाही. दुसरी, जागेचा मालक ईस्टरनंतर कातळाला सुरुंग लावणार आहे. या प्रतिस्पर्ध्यापुढे तुमचा नवा कारखाना एक पावसाळा टिकणार नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. पुंजी घालू नये. राजीनाम्याबद्दल मात्र मी वेगळं सांगेन. तो द्यावा.

कुट्टियम्मा नमस्कार सांगते. साळुंक्यांनाही सांगावा.

तुमचा मेहुणा,
अविराच्चन

ता. क. १: पैली, ओनच्चन आणि चेडत्ती या तिघांकडची मंडळी मुलगी बघायला यायचं म्हणत आहेत. मी जाऊन माफी मागणार होतो, पण सेलिननं अडवलं. लग्नाचं ती तिच्या सवडीनं बघणार आहे, मात्र आलेल्यांना नाही म्हणू नये, असं तिचं मत. तिनं तिघांनाही एकच दिवस दिला आहे, येता गुरुवार, आणि सुऱ्यांना धार लावून ठेवली आहे. तिचा हिशेब असा की तिन्ही घरची मिळून बावीस माणसं येतील आणि रिकाम्या हातानं कोणालाच उभं राहता येणार नाही.

ता. क. २: खाणवाल्याला मी परस्पर ‘येऊ नका’ म्हणून कळवलं आहे. मेहुणा म्हणून हा अधिकार मला नाही. रागवायचं असल्यास समक्ष रागवावं.

ता. क. ३: सेलिन विचारते, दम्मामच्या गोदामात तेवीस वर्षं काढलेल्या माणसाला माल मोजून गाडीत चढवायचं काम जमेल का? जागा रिकामी आहे. सोलता येणं आवश्यक.

(पाकीट बंद करायला त्रेस्याम्मानं घेतलं होतं. खालच्या दोन ओळी तिच्या हातच्या आहेत.)

एप्रिलमध्ये पाऊस येईल. कातळ झाकायला तिकडची ती जाड निळी ताडपत्री लागेल, दोन मोठ्या.
कोणाबरोबर पाठवू नका. घेऊन या.